अ‍ॅपचा मक्ता आणि जॉबरची सत्ता

नायगाव हे मुंबईच्या नकाशावर लहानसे नाव असले, तरी दादर पूर्वेपासून भोईवाडा-परळपर्यंत पसरलेल्या या कामगारवस्तीत सार्वजनिक संस्थांची वानवा कधीच नव्हती. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, वाचनालये, व्यायामशाळा, शिक्षण मंडळे, कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची ग्रामस्थ मंडळे अशा नाना संस्थांनी येथील चाळींतून आपली दप्तरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आणि 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या थोर संस्थेनेही आपले बिऱ्हाड याच परिसरात थाटले. अशा संस्थांच्या कार्यकारी मंडळांसमोर अलीकडे एक नवा विषय वारंवार येऊ लागला आहे. सभासदांच्या हाती स्मार्टफोन आला, तेव्हा पासबुकातील शिल्लक, कर्जाचा हप्ता, देखभालखर्चाची पावती, सर्वसाधारण सभेची सूचना हे सारे फोनवरच मिळावे अशी अपेक्षा स्वाभाविकपणे उत्पन्न झाली आणि तिच्या पूर्ततेसाठी ‘संस्थेचे अ‍ॅप तयार करून घ्यावे’ असा ठराव सर्वानुमते मंजूर होऊ लागला. ठरावानंतरची रीत ठरलेली आहे: तीन दरपत्रके मागवावयाची, त्यांतील सर्वांत कमी दराचे स्वीकारावयाचे, इसारादाखल काही रक्कम द्यावयाची आणि मक्तेदाराने दिलेली मुदत संपण्याची वाट पाहावयाची. इमारतीला रंग देण्याच्या कामी ही रीत निभावून जात असेल. अ‍ॅपच्या कामी ती संस्थेचे दीर्घकालीन नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडताना या वस्तीच्याच इतिहासातील एका प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभारली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत ताडदेवपासून परळ, लालबाग, नायगावपर्यंत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि लाखाहून अधिक माणसे त्यांत कामाला लागली. परंतु त्या माणसांची नेमणूक गिरणीचा मालक करीत नसे आणि बहुतेक ठिकाणी मॅनेजरही करीत नसे. ती करीत असे जॉबर. सकाळी फाटकाशी जमलेल्या गर्दीतून आज कोणाला आत घ्यावयाचे, गावी गेलेल्याच्या साच्यावर कोणता बदली उभा करावयाचा, कोणाला कायम करावयाचे आणि कोणाला काढून टाकावयाचे, हे सर्व अधिकार त्याच्या हाती एकवटलेले असत. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. नोकरी लावून दिल्याबद्दल कामगाराकडून दस्तुरी घेतली जाई, आणि ती देणारा कामगार पुढे कित्येक महिने त्या ओझ्याखाली वावरत असे. हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली, नेमणुकीचा आणि बडतर्फीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली, आणि पुढे 1935 साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्डे देण्याची योजना सुरू केली.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की जॉबर हा सर्वशक्तिमान हुकूमशहा नव्हता. त्यालाही आपल्या माणसांना धरून राहावे लागे, त्यांच्या रोषाची भीती बाळगावी लागे. हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. ज्याच्या गिरणीत कापड विणले जात होते त्याला विणणाराचे नावही ठाऊक नव्हते आणि विणणाऱ्याला आपला धनी कोण हे केवळ पाटीवरून कळत होते. ही अनोळख मालकाने स्वतः होऊन पत्करली होती, कारण ती तात्पुरती सोयीची होती. तिची किंमत मात्र त्याला आणि कामगाराला, दोघांनाही, पुढे अनेक दशके मोजावी लागली.

आज अ‍ॅपचा मक्ता देणारी संस्था हेच करीत आहे. दरपत्रकासोबत जोडलेल्या प्रस्तावात अनुभवी प्रोग्रामरांची नावे आणि त्यांनी केलेल्या कामांची यादी असते. प्रत्यक्ष काम सुरू झाले की त्या जागी कोण बसले आहे हे संस्थेला कळत नाही. मक्तेदार ते काम दुसऱ्या लहान कंपनीकडे सोपवितो, ती कंपनी महिन्याच्या बोलीवर दोन नवशिके तरुण घेते, आणि काम संपताच त्या तरुणांना मोकळे करते. मोठ्या आयटी कंपन्यांत ज्याला प्रकल्प मिळालेला नाही असा अभियंता ‘बेंचवर’ बसलेला असतो, आणि आपल्याला कोणत्या कामावर केव्हा नेले जाईल हे त्याच्या हाती नसते. गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बदलीच्या आणि या सुशिक्षित तरुणाच्या परिस्थितीत पगाराचे अंतर फार मोठे असले, तरी अनिश्चिततेचे साम्य नजरेआड करता येत नाही. असे हातोहाती फिरलेले काम कधी तरी पुरे होते. पण सहा महिन्यांनी हप्त्याचा हिशेब चुकीचा दाखविला जातो असे एखाद्या सभासदाच्या लक्षात येते, तेव्हा तो हिशेब ज्याने लिहिला तो मनुष्य कोठे आहे, हे मक्तेदारालाही सांगता येत नाही.

एकाच सोर्स कोडातून दोन्ही प्रकारच्या फोनांसाठी अ‍ॅप तयार करण्याचे जे नवे तंत्र आहे, त्याच्या नावावर हा व्यवहार विशेषेकरून खपविला जातो. म्हणून त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने समजून घेतले पाहिजे. 2008 च्या जुलैमध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी अ‍ॅप स्टोअर उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलने अँड्रॉइडचा बाजार सुरू केला. या दोन राज्यांच्या भाषा वेगळ्या, नियम वेगळे, कारभाराची शिस्त वेगळी. त्यामुळे एकच अ‍ॅप दोनदा, दोन निरनिराळ्या चमूंकडून लिहून घ्यावे लागे. हा दुहेरी खर्च वाचावा या हेतूने फेसबुकने 2015 साली रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि गूगलने 2018 च्या डिसेंबरात फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. ही साधने विनामूल्य आहेत, त्यांचा सोर्स कोडही सर्वांना पाहता येतो. म्हणजे साधनासाठी संस्थेला एक पैसाही द्यावा लागत नाही, जो पैसा जातो तो सर्वस्वी माणसांसाठी जातो. या तंत्राचा मी विरोधक नाही. नायगावातील एखाद्या पतसंस्थेला अ‍ॅप हवेच असेल, तर याच मार्गाने ते करावे असे मी निःशंकपणे सांगेन.

परंतु एकदा लिहिले की दोन्हीकडे आपोआप चालले, ही समजूत खरी नव्हे. आयफोनचे अ‍ॅप बांधावयाचे तर अ‍ॅपलचाच मॅक संगणक लागतो, कारण त्यासाठीचे एक्सकोड हे साधन अन्यत्र चालत नाही. ज्या चमूकडे मॅकही नाही आणि आयफोनही नाही, त्याने ‘दोन्हीकडे चालेल’ असे लिहून देणे निरर्थक आहे. सूचना पाठविणे, बोटाच्या ठशावरून ओळख पटविणे, अ‍ॅप बंद असताना पार्श्वभूमीत काम चालू ठेवणे या बाबतींत प्रत्येक फोनचे नियम भिन्न आहेत आणि तेथे स्विफ्ट किंवा कोटलिन या त्या त्या फोनच्या मूळ भाषा जाणणारा मनुष्य हाताशी असावाच लागतो. आपल्या दृष्टीने आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे तो देवनागरीचा. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फोनच्या स्वतःच्या घटकांकडून अक्षरे काढून घेते, तर फ्लटर पडद्यावरील अक्षरन् अक्षर स्वतः रेखाटते. तेव्हा पडद्याची रचना इंग्रजी मजकुराच्या मापाने केलेली असली आणि दृष्टी मंदावलेल्या वृद्ध सभासदाने अक्षरे मोठी केली, तर खालचा उकार वा वरची वेलांटी कापली जाते काय, ‘कर्ज खात्यावरील व्याजाची रक्कम’ हे लांबलचक शब्द चौकटीत मावतात काय, हे स्वस्त अँड्रॉइड फोनवर प्रत्यक्ष हातात धरूनच तपासावे लागते. भारतात दहांपैकी नऊंहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य महागडे नाहीत. ज्या चमूतील एकालाही मराठी वाचता येत नाही, त्या चमूकडून ही तपासणी होईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

शिवाय साधनेही चिरंजीव नसतात. एके काळी फार गाजलेले फोनगॅप 2020 साली बंद झाले. मायक्रोसॉफ्टने 2016 साली विकत घेतलेल्या झामारिनचा आधार 1 मे 2024 रोजी काढून घेण्यात आला. एअरबीएनबीसारख्या धनाढ्य कंपनीने रिअ‍ॅक्ट नेटिव्हवर दोन वर्षे काम केल्यानंतर 2018 मध्ये ते सोडून दिल्याचे जाहीर केले. गूगल प्लेवरील अ‍ॅपला अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीचे निकष दर वर्षी पाळावे लागतात, आणि जे अ‍ॅप मागे पडते ते नव्या फोनच्या नव्या ग्राहकांना दिसेनासे होते. म्हणजे अ‍ॅप ही एकदा घेऊन ठेवण्याची वस्तू नसून सतत सांभाळावयाची जबाबदारी आहे, आणि ती जबाबदारी मुदत संपताच निघून जाणारा मक्तेदार उचलू शकत नाही. मुंबईकरांच्या रोजच्या वापरातील एम-इंडिकेटर हे अ‍ॅप सचिन टेके यांनी 2010 साली आणले. त्या वेळचे फोन आज कोणाच्या हातात नाहीत, तरी ते अ‍ॅप आजही लोकलचे वेळापत्रक दाखविते. दादर स्थानकाच्या रांगेत उभे न राहता फोनवर उपनगरी तिकीट काढण्याची सोय 2014 च्या डिसेंबरात मुंबईत सुरू झाली, तीही रेल्वेच्या स्वतःच्या ‘क्रिस’ या 1986 साली स्थापन झालेल्या संस्थेने घडविली. एकीकडे एक धडपड्या प्रोग्रामर आणि दुसरीकडे प्रचंड सरकारी खाते. दोहोंत समान गोष्ट इतकीच की ज्याचे अ‍ॅप त्याच्याकडेच ते सांभाळणारी माणसे होती.

आता मालकीचा प्रश्न, ज्याकडे आपल्या संस्थांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अ‍ॅप ज्या खात्यातून प्रसिद्ध होते ते खाते संस्थेच्या नावे असले पाहिजे. गूगलकडे त्यासाठी एकदाच 25 डॉलर आणि अ‍ॅपलकडे दर वर्षी 99 डॉलर भरावे लागतात. ही रक्कम वाचविण्यासाठी किंवा कागदपत्रांची दगदग टाळण्यासाठी मक्तेदाराच्या खात्यातून अ‍ॅप प्रसिद्ध करू देणे म्हणजे संस्थेच्या कार्यालयाचे भाडेपत्र दुसऱ्याच्या नावे करण्यासारखे आहे. सोर्स कोड जेथे ठेवला जातो ती जागा, सर्व्हरचे खाते, संस्थेचे डोमेन आणि अ‍ॅपवर स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली या चारही गोष्टी पहिल्या दिवसापासून संस्थेच्या ताब्यात असाव्यात आणि प्रोग्रामरांना तेथे कामापुरता प्रवेश द्यावा. शेवटच्या हप्त्यानंतर सर्व काही हवाली करू, ही मक्तेदाराची बोली स्वीकारू नये. वाद उत्पन्न झाला की तो शेवटचा हप्ता आणि ती हवाली दोन्ही लांबणीवर पडतात, आणि मध्यंतरी सभासदांची माहिती कोणाच्या संगणकावर आहे हे कोणालाच ठाऊक नसते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी सभासदांच्या माहितीची जबाबदारी संस्थेवरच राहते, आणि सुरक्षिततेची योग्य तजवीज न केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

कायद्याची दुसरी बाजू तर अनेक चिटणिसांना धक्का देणारी वाटेल. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, त्या नोकराला कामावर ठेवणाराच ठरतो. परंतु स्वतंत्र मक्तेदाराने लिहिलेल्या प्रोग्रामची मालकी, पूर्ण मोबदला दिला तरी, आपोआप संस्थेकडे येत नाही. ती लेखी आणि स्वाक्षरी केलेल्या दस्तऐवजानेच हस्तांतरित होते. त्या दस्तऐवजात मुदत लिहिलेली नसेल, तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच मानले जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरते. ‘सर्व हक्क संस्थेकडे राहतील’ एवढे एक वाक्य घालून करारनामा संपविणाऱ्या संस्थेला सहाव्या वर्षी आपल्याच अ‍ॅपसाठी दुसऱ्याच्या दारी जाण्याची पाळी येऊ शकते. म्हणून करारनाम्यात हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी आणि वापर न केल्यामुळे रद्द न होणारे आहेत, असे शब्दशः लिहून घ्यावे आणि ते वकिलाच्या नजरेखालून घालावे.

मग चमू निवडावा कसा? माझ्या मते दरपत्रकापूर्वी भेट घ्यावी, आणि ती विक्री करणाऱ्याची नव्हे, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची घ्यावी. पडद्यांची रचना करणारा डिझायनर, फ्लटर वा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह लिहिणारे एक-दोघे, सर्व्हरची बाजू सांभाळणारा एक आणि तपासणी करणारा टेस्टर, एवढी माणसे मध्यम आकाराच्या कामास पुरतात, आणि तेवढ्यांची नावे करारनाम्यात असावीत. त्यांतील कोणी बदलले तर संस्थेला लेखी कळवावे, पोटमक्ता संस्थेच्या मंजुरीवाचून देऊ नये, या अटी त्यात घालाव्यात. त्यांनी पूर्वी केलेली अ‍ॅपे आपल्या फोनवर उतरवून पाहावीत आणि शेवटची सुधारणा केव्हा झाली ते तपासावे. तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेले देखणे अ‍ॅप मला साध्या पण आजही राबत्या अ‍ॅपच्या तुलनेत गौण वाटते. त्यानंतर सगळे काम एकदम न देता दोन-तीन आठवड्यांचा एखादा छोटा भाग, उदाहरणार्थ केवळ सभासदाची ओळख पटवून शिल्लक दाखविण्याचा, मोबदला देऊन करून घ्यावा. फुकटात नमुना मागणे अनुचित आहे. त्या काळात ते किती वेळा विचारणा करतात, आपल्या लेखनिकाजवळ बसून पासबुकाचा व्यवहार समजून घेतात काय, अडचण लपवितात की सांगतात, यावरून माणसांची पारख होते, आणि ती कोणत्याही दरपत्रकातून होत नाही.

संस्थेचीही कर्तव्ये आहेत आणि त्यांविषयी कार्यकारी मंडळांत फारसे बोलले जात नाही, याचा मला खेद वाटतो. काम सुरू झाल्यावर दर आठवड्याला नवी मागणी पुढे करावयाची, ती मूळ रकमेतच बसवा असा आग्रह धरावयाचा, बिलाला मंजुरी मिळण्यासाठी पुढच्या सभेची वाट पाहावयास लावावयाची, आणि मग दर्जा घसरला म्हणून प्रोग्रामरांना दोष द्यावयाचा, हे न्याय्य नाही. नोंदणीकृत लहान उद्योगाचे देणे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत चुकते करावे लागते, आणि विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ज्या वस्तीने पगाराच्या आणि बोनसच्या प्रश्नावर 1982 चा गिरणी संप पाहिला, सोसला आणि त्यात आपले सर्वस्व गमावले, त्या वस्तीतील संस्थांनी एखाद्या तरुण प्रोग्रामरची मजुरी अडवून धरू नये, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या गृहनिर्माण संस्थेत सत्तर-ऐंशी बिऱ्हाडे आहेत, जिला महिन्यातून एकदा पावती द्यावयाची आणि वर्षातून एक-दोन सूचना काढावयाच्या आहेत, तिला स्वतंत्र अ‍ॅपची गरजच नाही. फोनवर नीट उघडणारे साधे मराठी संकेतस्थळ तिचे काम उत्तम रीतीने भागवील. मोठ्या पतसंस्थेची, शिक्षण मंडळाची किंवा हजारो सभासदांच्या ग्रंथालयाची गोष्ट निराळी.

परंतु अशी मोठी संस्थादेखील चार-पाच जणांचा चमू एकटीच्या बळावर कायम पोसू शकणार नाही, हा आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. त्याचे उत्तर सहकारातच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये अशा संघीय संस्थेची तरतूद आहे, जिचे किमान पाच सभासद स्वतः संस्थाच असतात. आणि नागरी सहकारी बँकांनी आपल्या लहान बँकांना तंत्रज्ञान पुरविण्यासाठी 2024 साली देशपातळीवर एक छत्रसंस्था उभारून या मार्गाने पाऊल टाकलेही आहे. नायगाव, परळ, लालबाग, दादर येथील दहा-बारा पतसंस्था आणि इतर मंडळांनी एकत्र येऊन असा संघ स्थापन केला, तर त्याला एक समाईक चमू पगारावर नेमता येईल. 1887 साली प्रामुख्याने गिरण्यांना तंत्रज्ञ मिळावेत म्हणून स्थापन झालेली आणि आज माटुंग्यात असलेली व्हीजेटीआय येथून हाकेच्या अंतरावर आहे. तेथून आणि आसपासच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोजचा ठाणे-बेलापूरचा प्रवास टाळून आपल्याच वस्तीत हे काम करावयास आवडेल, असा मला विश्वास आहे. चमू नोकरीत असल्यामुळे सोर्स कोडाची मालकी कायद्यानेच संघाकडे येईल. शिल्लक दाखविणे, पावती देणे, सूचना पाठविणे हे सर्वांना सारखेच लागणारे भाग एकदाच लिहावेत आणि प्रत्येक संस्थेचे अ‍ॅप तिच्या स्वतःच्या नावे, तिच्या स्वतःच्या खात्यातून प्रसिद्ध करावे. सभासदांची माहिती प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या सर्व्हरखात्यात राहावी, खर्चाची वाटणी सभासदसंख्येच्या प्रमाणात व्हावी, आणि एखाद्या संस्थेला संघातून बाहेर पडावयाचे झाल्यास तिला आपली सर्व माहिती आणि आपल्या अ‍ॅपचा सोर्स कोड एक महिन्याच्या आत नेता यावा, अशी उपविधीत तरतूद असावी.